कोणी नाही म्हणायचं होतं

रत्नानं म्हैस विकली त्या दिवशी सावळेराम आमच्या ओट्यावर येऊन बसला, तो चहा झाला, पान झालं, तरी उठेना. म्हैस त्याची नव्हती. पण धाकट्या भावाची बायको आपल्याला न विचारता म्हैस विकते, म्हणजे आता वाडीत आपल्याला कुत्रंही विचारणार नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. ते मला पटवून दिल्याशिवाय त्याला घरचा रस्ता दिसत नव्हता.

"दुभती म्हैस, मंगलवैनी," तो पुन्हा म्हणाला. "दुभती. आन तिच्या बदल्यात आनलं काय, तर लोखांड."

"लोखांड दूध देत न्हाई, पर वैरन तरी कुटं मागतंय?" मी म्हणाले.

माझं असंच आहे. सावळेराम समोर बसला की माझ्या तोंडाला आपोआप धार येते. आमचे हे, रामदास, आतून डोळे वटारत होते, कारण भावकीतल्या थोरल्या माणसाशी असं बोलू नये. मी तिकडे बघितलंच नाही.

ते लोखंड म्हणजे भात सडायची गिरणी. जुनीच, पण धडधाकट. जुन्नरच्या पेठेत जलालभाई म्हणून यंत्रं दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर आहे, त्याच्या दुकानात ती रत्नानं दिवाळीच्या आधीच हेरून ठेवली होती. आमची वाडी तळेघरच्याही वर, डोंगराच्या अंगाला. पिकतं ते भात आणि थोडी नाचणी. भात पिकलं म्हणजे पोटात गेलं असं नसतं, ते आधी सडून त्याचं तूस काढावं लागतं, आणि गिरणी खाली तळेघरला. उन्हाळ्यात जीप वर येते. पावसाळ्यात वाट निसरडी झाली की जीपवाला फोनच उचलत नाही, मग बायकांच्या डोक्यावर पोती. जाताना भात, येताना तांदूळ. मी लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा माझी मान सरळ होती.

रत्नाचं घर माझ्या घराला लागून. तिचा नवरा लहू, सावळेरामचा धाकटा भाऊ, हिरडे पाडायला झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. घोडेगावला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पुढे तिची म्हातारी सासू कोंडाबाई थोरल्याकडे, सावळेरामकडे राहायला गेली आणि रत्ना लेकीला घेऊन इकडे एकटी पडली. लेक समृद्धी आता घोडेगावात वसतिगृहात राहून शिकते.

लहू गेल्यावर रत्नाला निराधारचा पगार सुरू झाला. सरकार त्याला अनुदान म्हणतं, आमच्याकडे सगळे पगारच म्हणतात. तो मिळवायला तिनं तालुक्याला किती हेलपाटे घातले ते मला माहीत आहे, कारण निम्म्या वेळा मी तिच्यासोबत होते. तिकडे सांगावं लागलं की नवरा नाही, कमावता मुलगा नाही, उत्पन्न जवळपास नाही, सांभाळणारं कोणी नाही. पहिल्यांदा सांगताना ती रडली होती. नंतर नंतर नुसतं सांगून टाकायची.

आणि आता सावळेरामच्या पोटात खरं दुखत होतं ते हेच. म्हशीचं नुसतं निमित्त. पान थुंकून झाल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "गिरनी टाकली म्हंजी धंदा झाला. धंदा झाला म्हंजी पगार बंद. मग काय खाईल ती, पट्टा खाईल मोटारीचा?"

सावळेराम बोलतो फार, पण अधूनमधून खरंही बोलून जातो.

संध्याकाळी रत्नाला विचारलं. तिनं सगळं मनाशी मांडलेलं होतं. पहिलं वर्षभर पगारातून गिरणीचं लाईटबिल भरायचं. तोवर गिऱ्हाईक लागेल, आजूबाजूच्या वाड्यांतून भात येईल. मग ती जे म्हणाली ते मला अजून आठवतं.

"गिरनी पायाव हुबी ऱ्हायली ना ताई, की मी सोता जाऊन सांगनार हाय, माजा पगार बंद करा, मला आता लागत न्हाई. पर तवर बंद झाला तर दोनी जातील. पगार बी आन गिरनी बी."

सोपं होतं. चालायला लागेपर्यंत तिला एका काठीचा आधार हवा होता, एवढंच.

जलालभाई स्वतः टेम्पोतून गिरणी घेऊन आला. दाढी पिकलेली, बोटं ऑइलानं कायमची काळी झालेली. पत्र्याच्या पडवीत त्यानं यंत्र बसवलं, पट्टा चढवला, मोटार लावली. रत्नानं पहिलं सूपभर भात ओतलं तेव्हा निम्मी वाडी पडवीत आणि निम्मी बाहेर. एका तोंडातून तूस उडालं, दुसऱ्यातून तांदूळ पडायला लागला आणि बायकांनी ओंजळी पुढे केल्या. पहिली ओंजळ भैरोबाला गेली. जाताना जलालभाई रत्नाला म्हणाला, "बहेन, एक सांगतो. दळन-सडन रोखीत ठेव. मोटारीला मानसाचे कष्ट कळत न्हाईत, तिला लाईट लागते. आन लाईट उधारीवर येत न्हाई."

हे त्यानं सांगितलं तेव्हा सावळेराम तिथेच उभा होता. आणि दुसऱ्या दिवशी त्यानंच नवीन अक्कल काढली.

त्याचं म्हणणं असं. उत्पन्न म्हणजे पैसा. पैसा घेतलाच नाही तर उत्पन्न होईलच कसं? मग रत्नानं कोणाकडून रुपया घ्यायचाच नाही. ज्याचं भात सडलं त्यानं तिच्या रानात येऊन राबायचं, पडकईसारखं. पडकई आमच्याकडे जुनीच आहे. उतारावर भाताचं नवं खाचर काढायचं तर एका घराच्या हातून होत नाही, दगड असतात, माती वाहायची असते. मग सगळी वाडी मिळून आज याच्या रानात, उद्या त्याच्या. मजुरी कोणी घेत नाही, ज्याचं रान त्यानं जेवण घालायचं. अशा कामाचा कागद कुठेच नसतो. सावळेराम म्हणाला, कलेक्टर आला तरी त्याला काय सापडणार?

वाडीला ते ऐकूनच आवडलं. रोख पैसा आमच्याकडे कोणाजवळ पडून नसतो, हात मात्र असतात. रत्नाला ते तितकंसं पटलं नव्हतं, मला तिच्या तोंडावर दिसलं. पण पगार जाण्याची भीती इतकी होती की ती हो म्हणाली.

तो हिवाळा छान गेला, खोटं कशाला सांगू. सकाळी गिरणीचा आवाज सुरू झाला की मला बरं वाटायचं. शेजारच्या वाडीतूनही भात यायला लागलं. तूस शेकोटीला, कोंडा जनावरांना, कणी कोंबड्यांना. तळेघरच्या वाटेवर पोतं घेतलेली बाई दिसेना. फक्त रत्नाच्या हातात काही पडत नव्हतं. पगार जमा झाला की ती सकाळच्या एसटीनं घोडेगावला जायची, पैसे काढायची, बिल भरायची, लेकीला भेटून तिच्या हातावर काहीतरी ठेवायची आणि चहा-साखर-मीठ घेऊन परत. गिरणी दिवसभर फिरायची आणि मालकीण चपलेला दोरी बांधून चालायची. एकदा मी म्हटलंही की थोडे तरी पैसे घेत जा. ती म्हणाली, "एकदा सगळ्यांनी ठरवलंय ताई. आता मागितलं तर वंगाळ दिसंल."

माघ संपताना कोतवाल सांगत आला की निराधारवाल्यांची पडताळणी होणार आहे, तालुक्यावरून कोणीतरी घरोघर येईल. कधी ते त्यालाही माहीत नव्हतं.

सावळेरामला आता कामच मिळालं. देवळापुढे सगळ्यांना बसवून त्यानं उत्तरं पाठ करून घेतली. साहेब विचारील, या बाईला कोणी आहे का? सगळ्यांनी म्हणायचं, कोणी नाही साहेब, लई हाल आहेत. विचारील, गिरणी कोणाची? म्हणायचं, देवाची, वाडीनं मिळून आणली. कोणी हसलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. आमच्या ह्यांना त्यानं दोनदा उभं केलं, कारण ह्यांच्या तोंडून "लई हाल" नीट निघत नव्हतं.

कोंडाबाईची पाळी आली तेव्हा म्हातारी उठूनच उभी राहिली. "माजी सून हाय ती. मी जित्ती हाय, तू जित्ता हाइस, आन मी परक्या मानसाला सांगू तिला कोन न्हाई म्हनून?"

"आये, त्यो सवाल सरकारचा हाय. देवाचा न्हाई," सावळेराम म्हणाला.

"मग सरकारला तूच सांग. मला तेवढं नगं सांगाया लावू," असं म्हणून ती काठी टेकत निघून गेली. सावळेरामनं ठरवलं की साहेब येईल त्या दिवशी आईला घरातच ठेवायचं.

चैत्र गेला, वैशाख लागला, कोणी आलं नाही. मग लोक म्हणायला लागले की गिरणीचं फेडायचं राहिलंय, पाऊस पडायच्या आत रत्नाचं काम काढू. लहूची उतारावर वरकस जमीन होती, नुसती नाचणीची. तिथे एक खाचर पाडायचं त्याच्या मनात फार होतं. आम्हा सगळ्यांना तो ते कधी ना कधी बोललेला. तेच करायचं ठरलं.

त्या दिवसाचं ऊन अजून अंगावर आहे माझ्या. वारा नाही, डोंगर तापून पांढरा पडलेला. माती इतकी कडक की टिकाव आपटला की हाताला झिणझिण्या यायच्या. गडी पहारीनं दगड उकलत होते, खालच्या अंगाला ताल, म्हणजे दगडांचा बांध, रचत होते. आम्ही बायका घमेल्यातून माती वाहत होतो. सगळी वाडी होती, शेजारच्या वाडीतली माणसंही होती, कारण त्यांनीही भात सडून नेलं होतं. कोणी ढोलकं आणलं होतं, कामाला जोर चढायला. जांभळाखाली रत्नानं मोठ्या पातेल्यात भात आणि डाळ चढवली होती. कोंडाबाई तिथेच पाण्याचा हंडा राखत बसलेली. दुपारपर्यंत खाचराचा आकार दिसायला लागला. सावळेराम सगळ्यांत जास्त राबत होता, हेही सांगायला हवं. भावाच्या रानात राबताना तो बडबड करत नव्हता.

आणि त्यातच कोतवाल खालून वर येताना दिसला. त्याच्या मागे डोक्यावर ओढणी घेतलेली, पायात कॅनव्हासचे बूट घातलेली एक तरुण मुलगी. साहेब येणार म्हणून आम्ही साहेबाचीच वाट बघत होतो, त्यामुळे ती कोण ते कोणाला कळेना. कोतवालानं सांगितलं, ह्याच मॅडम, पडताळणीच्या.

वाडीचं चुकलं असेल ते इथून पुढे. पण मला सांगा, उन्हातान्हाची एक पोर डोंगर चढून आलेली, तोंड लाल झालेलं, तिला पाणी द्यायचं की नाही? जेवणवेळेला आलेल्या माणसाला जेव म्हणायचं की नाही? कोंडाबाईनं तिला सावलीत बसवलं, पदरानं वारा घातला, रत्नानं पत्रावळ मांडली. मॅडम नको नको म्हणत होत्या, मग दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, भात फार छान आहे.

"आमच्याच गिरनीचा हाय," शेजारच्या वाडीतला कोणीतरी म्हणाला. त्याला पाठांतराचं काही माहीत नव्हतं.

मॅडमनी गिरणी कोणाची ते विचारलं. देवाची, असं सांगायचं ठरलं होतं. सावळेरामनं ते सांगितलंही. पण मॅडम नुसत्या बघत राहिल्या तसा तो घाबरला आणि आपणहून खुलासा करायला लागला. ह्या सावळेरामला गप्प राहणं देवानं दिलेलंच नाही.

"तसं नव्हं म्याडम. हाय तिचीच. पर ती एक रुपाया घेत न्हाई कुनाकडून. इचारा कुनालाबी. एक रुपाया न्हाई."

"मग काय घेतात?"

"कायसुदिक न्हाई. आमीच सगळी येऊन तिचं काम करून देतो. हे काय, हे खाचर."

मॅडमनी मान वर करून उताराकडे बघितलं. रचलेली ताल, पसरलेली माती, पहारी, घमेली, एवढी सगळी माणसं. त्यांच्या कपाळावर आठी आली ती रागाची नव्हती. अवघडलेल्या माणसाची होती. उत्पन्न म्हणजे फक्त नोटा नव्हेत हे त्यांना कळत होतं आणि आम्हाला कळत नव्हतं. ही मजुरीच रत्नाची कमाई धरली जाणार, हे मला मात्र तेव्हाच उमगलं.

त्यांनी रत्नाला समोर बोलावलं. आवाज मऊ होता. "ताई, मला तुम्हाला विचारावंच लागतं. तुम्हाला कोणी आहे का? सांभाळणारं, मदतीला येणारं, आधार देणारं?"

ढोलकं थांबलं. आम्ही बायका माती घेऊन उभ्या होतो त्या तशाच राहिलो. कोणाला घमेलं खाली ठेवायचं सुचलं नाही. मी सावळेरामकडे बघितलं. सगळ्यांत आधी त्यानं बोलायचं होतं, तो बोलला की मग आम्ही. तो हातातल्या पहारीकडे बघत होता आणि त्याच्या नाकावरून घाम टपटप गळत होता. देवळापुढे वीस वेळा घोकून घेतलेलं वाक्य त्याच्या तोंडातून फुटेना. आमचे हे खाली बघत होते. आणि मी, जिची जीभ कधी अडत नाही म्हणतात, मीही उभीच.

रत्नानं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. तिला तालुक्याच्या ठिकाणी ते वाक्य किती सहज जमायचं. तिथे फक्त टेबल असायचं.

"हाय की," ती म्हणाली. "ही समदी हायत."

मॅडमनी पत्रावळ बाजूला सारली. मग जवळ सरकून म्हणाल्या, "नीट विचार करून सांगा, ताई. मी परत विचारते. तुम्ही जे सांगाल तेच मी लिहिणार आहे."

त्या मुलीला रत्नाकडून नाही हवं होतं, हे मी शपथेवर सांगते. तिनं दार उघडं धरलं होतं.

"म्याडम, सकाळधरनं माती वाहत्यात ही मानसं. माज्या घरधन्याच्या रानात," रत्ना म्हणाली. "तेंच्यासमोर हुबी ऱ्हाऊन कोन न्हाई आसं म्हनू कसं? माजी जीब झडंल."

जांभळाखाली कोंडाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. तिला घरात ठेवायचं ठरलं होतं ते त्या घाईत कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

निघताना मॅडम एवढंच म्हणाल्या की पगार बंद झाला तरी पुन्हा अर्ज करता येतो. रत्ना त्यांना पायवाटेपर्यंत सोडायला गेली, वाटेत खायला म्हणून करवंदं बांधून दिली.

खरी गंमत पुढेच. वाडी त्या संध्याकाळी खुशीत होती. मॅडम जेवून गेल्या, काही वाईट बोलल्या नाहीत, म्हणजे काम फत्ते. सावळेरामनं तर दोन-चार ठिकाणी सांगितलं की आपण रुपयाचं बोललो म्हणून निभावलं. खाचर दिवेलागणीला पुरं झालं. रत्ना बांधावर एकटीच उभी होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "लई झ्याक झालं न्हाई? घरधन्यानं बगायला पायजे व्हतं." मग जरा थांबून म्हणाली, "पगार गेला, ताई."

मी तिला वेडी म्हटलं, काही होत नाही म्हटलं. दोघींनाही माहीत होतं.

ज्येष्ठात पगार आला नाही. आषाढात आला नाही. ती आवणीचं, भाताची रोपं लावायचं, काम टाकून घोडेगावला जाऊन आली, तेव्हा बंद झाल्याचं नक्की कळलं. पुन्हा अर्ज करायचा तर नवे दाखले, नवी चौकशी, आणि चौकशीला सांगायचं तेच, कोणी नाही. तिनं अर्ज केला नाही. मी खूप बोलले, मूर्ख आहेस म्हणाले. एकदा हो म्हटलंय, ते आता फिरवणार नाही, एवढंच ती म्हणाली. मला तिचा राग आला होता आणि सावळेरामचा त्याहून जास्त. बाकीचा कोणाचा होता ते मला अजून नीट सांगता येत नाही.

खाचर मात्र भरून आलं. पहिल्याच वर्षी पाणी धरलं, रोपं लागली. बांधावर उभं राहिलं की धुक्यात एवढंच हिरवं दिसायचं. पण भात हाताशी यायला दिवाळी उजाडणार होती आणि बिल दर महिन्याला येत होतं. श्रावणात वायरमन आला. ओळखीचाच होता, छत्री मिटत खाली मान घालून म्हणाला, सोमवारपर्यंत भरा, नाहीतर मला तार सोडवावी लागेल. इकडे घरोघर तांदळाचे डबे तळाला गेले होते आणि बाहेर असा पाऊस की तळेघरच्या वाटेवर माणूस धड चालत नव्हतं, पोतं तर लांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नानं गिरणीच्या दाराला कडी घातली आणि पायरीवर बसली. एकेक जण भात घेऊन आला, इरल्याखाली, प्लास्टिकच्या कागदाखाली. प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं. आता हात नकोत, रोख द्या, तेव्हा पट्टा चढवते.

कुजबुज सुरू झाली, मग आवाज चढले. कोणी म्हणालं, आम्ही खाचर पाडलं ते विसरली. कोणी म्हणालं, धंदा सुरू झाला की माणूस पैशाचं होतं. जिनं या सगळ्यांसाठी पगारावर पाणी सोडलं तिला हे ऐकावं लागलं, आणि तेही तिच्याच पायरीवर. मी बोलायला उठले तर रत्नानं हातानं खाली बसवलं.

सावळेराम पुढे झाला. "रत्ने, समदी आपलीच हायत. आपल्या मानसांकडं पैसा मागायचा?"

"भावजी, आपलीच हायत म्हनून तर मी म्याडमला हाय म्हनले," ती शांतपणे म्हणाली. "तुमी खाचर पाडलं, मी तुमचं भात सडलं. ते फिटलं. आता सोमवारी तार तुटनार हाय. तुटू द्यायची का न्हाई, तेवढं सांगा."

सावळेराम मागे सरला. माणसं पोती घेऊन उभी होती, कोणी परतही जाईना, कोणी खिशातही हात घालीना. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

तेवढ्यात मागून गर्दी हलली. कोंडाबाई येत होती, डोक्यावर टोपली, अंगावर जुनं घोंगडं, हातात काठी. म्हातारीला म्हातारपणाचा पगार मिळतो, तो ती कमरेच्या चंचीत ठेवते आणि सावळेरामलाही हात लावू देत नाही. तिनं टोपली पायरीवर उतरवली, चंची सोडली आणि एक घडी पडलेली नोट रत्नाच्या मांडीवर ठेवली.

"माजं आदी सड," ती म्हणाली. "गिऱ्हाईक हाय मी."

"आत्याबाई, तुमच्याकडनं नगं," रत्ना म्हणाली आणि नोट परत द्यायला लागली.

म्हातारीनं तिचा हात काठीनं बाजूला सारला. "घे म्हनते ना. त्या दिशी तू कोन न्हाई म्हनली असतीस, तर माज्या काळजाला घर पडलं असतं, रत्ने." मग तिनं मागे वळून आपल्या लेकाकडे आणि पोती घेतलेल्या सगळ्या वाडीकडे बघितलं. "पर लाईट ऱ्हायली असती."

रत्नानं नोट कपाळाला लावली, उठली आणि कडी काढली. मोटार ओलाव्यानं जरा कुरकुरली, मग फिरायला लागली. टोपलीतलं भात संपेपर्यंत सगळे नुसते उभे होते. मग आमचे हे पुढे झाले आणि खिसा चाचपू लागले. त्यांच्या मागे शेजारच्या वाडीतला एक जण. सावळेराम पोतं खांद्यावर घेऊन घराकडे गेला. पैसे आणायला गेला की रागानं, ते दुपारपर्यंत कळलं नाही. दुपारी तो परत आला, रांगेत सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि आपली पाळी येईपर्यंत कोणाशी एक शब्द बोलला नाही.